दहा अंश

"महिन्याचे किती?" यादविगानं विचारलं.
काहीच नाही. डबा एकदा घ्यायचा, थाळी एकदा घ्यायची, झालं.
"आणि दुसऱ्या महिन्यापासून?"
तेव्हाही नाही.
वार्डोच्या धक्क्यावर कुणी फुकट मासा पुढे केला
तर माणसं जशी बघतात, तशी ती माझ्याकडे बघत राहिली:
कल्ले उचलून.

मी तीन डबे मांडले.
हा कार्डाच्या खाचेचा, तुला नको.
खाच असली की कुणीतरी येतं तिच्यात काहीतरी सारायला.
हा चकचकीत. रिमोटवर साठ बटणं,
हातमोज्यातून एकही दबत नाही.
हा तिसरा घे. कुरूप आहे,
पण आंधळा शोध घेतो, म्हणजे कुणी पत्ता न देता
आभाळ चाचपत जातो, हाताला लागेल ते टिपून ठेवतो.
"आंधळा चालेल," ती म्हणाली.
"सध्या इथं आपण सगळे तसेच."

डिसेंबर होता. सूर्य जाऊन तीन आठवडे झालेले.

हात लांब करा, क्षितिजावर मूठ टेकवा:
मुठीच्या वरच्या कडेला
आमचा उपग्रह. दहा अंश.
म्हणून इथली थाळी वर बघतच नाही,
पुढं वाकून जमीन न्याहाळते,
चिल्लर सांडल्यासारखी.
शेजारचा थोर्गेइर दर वर्षी मला सांगतो,
उलटी बसवलीस.

कपाळावर दिवा बांधून मी शिडीवर,
ती आत, खिडकीची फट उघडी ठेवून,
पडद्यावरचे आकडे पोलिशमध्ये ओरडत.
मासे कापणाऱ्या बायकांचा आवाज यंत्रांवरून जायला शिकलेला असतो.
मी थाळी केसभर सरकवली.
"ताक!" ती ओरडली.
आमच्यात ताक म्हणजे आभार.
मी बोल्ट आवळला, पाना खिशात टाकला, उतरलो.
तिच्यात ताक म्हणजे हो, असाच, अजून थोडा.

पुन्हा चढलो.

बाराशे चॅनेल सापडले.
अरबी बाजारभाव, इटलीतली कुणी पीठ मळणारी,
एक नुसतंच रंगीत पट्ट्यांचं, कोपऱ्यात घड्याळ.
तिनं रविवारभर बसून सगळे पुसले, सात ठेवले.
पट्ट्यांचं ठेवलं.
का, ते मी विचारलं नाही.
रोज पाळीवरून आली की ती हवामान बघते,
वार्डोचं नव्हे, एल्ब्लाँगचं.
एल्ब्लाँगला पाऊस असला
की इथं बर्फात छत्री शोधते, असं तिची खोलीसोबतीण सांगते.

ओला बर्फ थाळीत चिकटला की चित्राचे चौकोन होतात.
झाडूनं हलकेच झाड, म्हटलं होतं. गरम पाणी ओतू नकोस.
तिनं ओतलं.
नवीन एलएनबीचे मात्र मी पैसे घेतले.

फेब्रुवारी संपता संपता, दुपारी बारा-वीसला,
ती एप्रनसकट दुकानात. अंगाला कॉडचा वास.
"गेलं. सगळे सातही. तू म्हणालास काही लागत नाही,
बघ, मागायला आले कुणीतरी."
मी घड्याळ पाहिलं. कोट घेतला.

अंगणात थाळी तशीच, वाकलेली.
पण समोर, थोर्गेइरच्या होडीघराच्या छपरावर,
बरोब्बर मूठभर उंचीवर
सूर्य उभा होता,
उपग्रहाच्या पाठीमागं, त्याच ओळीत,
आणि त्याच्या गोंगाटात
तो लहानसा जीव काय बोलतोय ते ऐकू येत नव्हतं.
वर्षातून दोनदा होतं, म्हटलं, काही दिवस, काही मिनिटं.
काही करायचं नसतं.

थाळीनं गोळा केलेला उजेड
एलएनबीच्या टोपीवर पडला होता, नाण्याएवढा.
तिनं हातमोजा काढला, बोट टेकवलं.
"कोमट आहे," ती म्हणाली.
मीही टेकवून पाहिलं.

आतून कुणीतरी पोलिशमध्ये
अर्ध्या वाक्यापासून बोलायला लागलं.
ती वळली नाही.
डोळे मिटून, तोंड दक्षिणेला करून उभी राहिली,
आणि मी शिडी नसतानाही विचारलं,
अजून थोडं?